तिसऱ्या सिलिंडरचा केक

आमच्या मोटर क्लबात चूक कबूल करायची एकच रीत आहे. केक आणायचा.

कुणी गिअरबॉक्सात पाना विसरलं, कुणी तेल न घालताच इंजिन चालू केलं, की त्याने गुरुवारी हिरवा केक आणून कामाच्या टेबलावर ठेवायचा. वरचं गुलाबी साखरेचं फूल आधी काढून टाकायचं, कारण फुलासकट केक म्हणजे आनंदाची बातमी. बिनफुलाचा केक दिसला की कुणी काही विचारत नाही. कॉफी ओतली जाते. केक कापताना आणणारा एका वाक्यात काय झालं ते सांगतो, बाकीचे "हं" म्हणतात आणि विषय संपतो. मोडलेली वस्तू भिंतीवर खिळ्याला टांगली जाते. क्लबातली कॉफी माझ्याकडे असल्यामुळे हे सगळं मी थर्मास हातात धरून जवळून पाहिलेलं आहे. भिंतीवर माझेही दोन पिस्टन आहेत. त्यांच्याबद्दल इथे बोलायचं कारण नाही, तो केक खाऊन झाला.

सिक्सतेनचं भिंतीवर काहीच नव्हतं. वय सव्वीस, जुन्या डेअरीच्या इमारतीत स्वतःचं वर्कशॉप, काम इंजिनं रिबोअर करण्याचं, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते सिलिंडरचं भोक आतून कापून मोठं करण्याचं. हात इतका साफ की सुंद्सवाल शहरातली माणसं तिथली दुकानं सोडून इंजिनाचे ब्लॉक घेऊन त्याच्याकडे यायची. बोलणं मात्र कमी. आमच्याकडे कुणीच फारसं बोलत नाही, आणि त्यातही तो अबोल गणला जायचा. म्हणजे काही लोकांना तो गाव सोडून गेलाय असं वाटायचं.

त्याच्याकडे वसंतात इंगेगर्डचा ब्लॉक आला.

इंगेगर्ड आमची पाद्रीण. रविवारी प्रवचन, बुधवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम, गुरुवारी क्लब. तिच्या जुन्या चौकोनी वोल्वो गाडीला तिला टर्बो बसवायचा होता आणि जुलैत ती बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायची होती. कशासाठी, असं तिला एकदाच विचारलं गेलं. ती म्हणाली, शवपेटीच्या मागून चालायचा वेग आपण तीस वर्षं पाळलाय. नंतर कुणी विचारलं नाही.

आता टर्बो म्हणजे इंजिनाच्या नरड्यात जबरदस्तीने हवा कोंबणं. हवा जास्त तितका दणका मोठा, आणि तो दणका सोसायचा सिलिंडरच्या भिंतीने. रिबोअर करताना हीच भिंत आपण आतून कापत असतो. म्हणजे पाहुण्याला दुप्पट जेवायला बोलवायचं आणि आधी त्याचं पोट आतून तासून ठेवायचं, असा हा व्यवहार आहे. शिवाय ब्लॉक असतो बीडाचा, ओतलेल्या लोखंडाचा. ओतताना आतला साचा जरासा सरकलेला असतो, त्यामुळे भिंत एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. तिच्या पलीकडे इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. म्हणून आधी प्रत्येक भिंतीची जाडी मोजायची, वर, मध्ये, खाली, चहूबाजूंनी, आणि मग ठरवायचं की किती कापायचं, का हात जोडून ब्लॉक परत करायचा.

जाडी मोजायचं यंत्र आमच्या भागात एकट्या यालमारकडे. तो कागदाच्या कारखान्यात बॉयलरचे पाईप तपासायचा; निवृत्तीच्या दिवशी त्याने घड्याळाऐवजी ते यंत्र मागून घेतलं. लोखंडाला टेकवायचं, आत आवाज सोडतं, पडद्यावर आकडा येतो. यालमार त्याने जिन्याचे कठडेही मोजतो.

पण मे महिन्यात यालमार तळ्याकाठच्या त्याच्या उन्हाळी घरी होता. आणि उन्हाळी घरी गेलेल्या माणसाला फोन करायचा नसतो. तसा कायदा नाही, पण कायदे लोक मोडतात, हे मोडत नाहीत. सिक्सतेनने फोन हातात घेतला, यालमार धक्क्यावर पाय सोडून बसलाय असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याने फोन ठेवून दिला. असं आठवडाभर चाललं. तिकडे पिस्टन येऊन पडले होते, इंगेगर्ड आठवण करून देत नव्हती, आणि आमच्याकडे आठवण करून न देणं हा तगाद्याचा सगळ्यात कडक प्रकार आहे. शेवटी त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, आवाज ठीक वाटला, आणि मशीन लावलं.

बाकी सगळं त्याने चोख केलं. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजला आणि ज्याचं भोक त्याच्या मापाने कापलं. टर्बोत पिस्टन जास्त तापून फुगतो, म्हणून तेवढी फट सोडली. वर सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, आवळलेलं असल्यासारखा ब्लॉक ताणात राहावा म्हणून जाड पोलादी प्लेट बोल्टांनी आवळली, म्हणजे भोक आज गोल आणि हेड बसवल्यावर लंबगोल असं होत नाही. शेवटचा केसभर भाग मशीनने न कापता होनिंगच्या दगडांनी घासला, तेल धरून ठेवणारी तिरक्या रेघांची जाळी उमटवली. पुस्तकात लिहिलंय तसं अगदी सगळं, पहिलं पान तेवढं सोडून.

मग यालमारचा रंग संपला म्हणून तो रंग घ्यायला गावात आला आणि सहज डेअरीत डोकावला. पाद्रिणीचं काम कुणाकडून मोजून घेतलंस, असं त्याने विचारलं. सिक्सतेन म्हणाला, अजून मोजायचंय.

"मग मला फोन का नाही केलास?"

"त्रास कशाला द्यायचा, म्हटलं."

"अरे, तीन आठवडे मी तिथे एकटा बसलोय," यालमार म्हणाला. "संडास दोनदा रंगवला. फोन चालू आहे का बघायला मी स्वतःच स्वतःला फोन लावून पाहिला. लागला नाही."

त्याने यंत्र गाडीतून काढून टेबलावर ठेवलं आणि तो रंग घ्यायला गेला. सिक्सतेनने ते एकट्यानेच लावलं. पहिला सिलिंडर उत्तम. दुसरा उत्तम. चौथा तर इतका जाड की त्याला उगीच लाड केल्यासारखं वाटावं. तिसऱ्याला एका अंगाला, नेमका पिस्टन जिथे जोर देतो तिथेच, आकडा आला अडीच मिलिमीटर. एवढा टर्बो सोसायचा तर चारच्या खाली जाऊन चालत नाही. त्याने यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. मग स्वतःच्या अंगठ्याच्या नखाला लावून पाहिलं, यंत्र बिघडलंय का म्हणून. यंत्र बिघडलं नव्हतं.

खरं तर इथपर्यंत ही साधी एका केकाची गोष्ट होती.

पण त्याच दुपारी इंगेगर्ड ट्रेलर घेऊन आली. थेट अंत्यविधीवरून आली होती, गळ्यात पाद्र्याची पांढरी पट्टी तशीच. मेलेला माणूस तरुण होता. ती ब्लॉकवर वाकली, चारही भोकांत एकेक करून बघितलं आणि रेघांच्या जाळीवरून करंगळी फिरवली.

"आज दिवसभरात पाहिलेली ही पहिली चांगली गोष्ट," ती म्हणाली.

सिक्सतेनने तोंड उघडलं आणि ट्रेलरला ब्लॉक बांधायला दोरी आहे का, असं विचारलं. दोरी होती. त्याने स्वतःच गाठ मारली.

त्यानंतर तो तिला टाळायला लागला. गाव लहान, टाळायला जागा कमी; एकदा तर तो दुकानात मांजराच्या खाण्याच्या फळीमागे इतका वेळ उभा राहिला की शेवटी दोन डबे घेऊन बाहेर पडला. त्याच्याकडे मांजर नाही. इंगेगर्डच्या हे लक्षात आलं आणि तिने आपल्या धंद्याप्रमाणे अर्थ लावला: पोराची श्रद्धा डळमळलीय. तिने हळूच विचारलं की बुधवारी गाण्याच्या तालमीला येतोस का, आम्हाला खालच्या पट्टीचा आवाज कमी पडतो. सिक्सतेनच्या मनात आलं, तालमीनंतर दोघंच असताना सांगून टाकू. तो गेला. तालमीनंतर कॉफी होती, कॉफीला माणसं होती. पुढच्या बुधवारी पुन्हा गेला. जूनच्या अखेरीस त्याला चार स्तोत्रं पाठ होती आणि तिसऱ्या सिलिंडरबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नव्हतं. उलट त्याचा आवाज चांगला निघाला, ही वेगळीच अडचण. तो उभा राहून पापक्षालनाचं गाणं म्हणायचा आणि समोर हात हलवत असायची ती, नखांत ग्रीस असलेली.

तोवर इंगेगर्डने इंजिन जोडलं, गाडीत बसवलं. शनिवारी शर्यत. आदल्या गुरुवारी क्लबात सगळ्यांसमोर पहिल्यांदा चालू करायचं ठरलं.

सिक्सतेनला माहीत होतं की शनिवारी काय होऊ शकतं. नुसतं चालू केल्याने काही होणार नाही. पण धावपट्टीवर टर्बोचा पूर्ण दाब आला की ती अडीच मिलिमीटरची भिंत तडकणार. पाणी सिलिंडरमध्ये शिरणार. पिस्टनला पाणी दाबता येत नाही, तेव्हा दांडा ब्लॉक फोडून बाहेर येणार आणि तेल मागच्या चाकांखाली सांडणार. आणि त्या चाकांवर त्या वेळी गावची पाद्रीण ताशी दोनशेने जात असणार.

म्हणून गुरुवारी दुपारी तो केक घ्यायला गेला.

बेकरीच्या गल्ल्यावर माय-लीस होती. हिरवा केक मागणाऱ्याचा चेहरा बघून तो कशासाठी हवाय ते तिला कळतं, असं ती सांगते. सिक्सतेनचा चेहरा पाहून तिला एवढंच कळलं की या मुलाचं कुणी करणारं नाही. कशासाठी, तिने विचारलं. क्लबासाठी, तो म्हणाला. तिने फूल तर ठेवलंच, वर शेजारी काडीचा कागदी झेंडा खोचला, निळा-पिवळा. आणि केकावर झेंडा म्हणजे वाढदिवस, दुसरं काही नाही. तिच्यादेखत तो काढायचा म्हणजे तिचा अपमान. बाहेर आल्यावर काढू, असं त्याने ठरवलं. गाडीत बसल्यावर झेंडा ठेवायला स्वच्छ जागा दिसेना, आणि झेंडा तेलकट पान्यांत टाकणं बरं दिसत नाही. क्लबाच्या दारात काढू. दार इंगेगर्डने आतून उघडलं.

"अरे, आज तुझा वाढदिवस आहे आणि तू कुणाला बोलला नाहीस," ती म्हणाली.

सिक्सतेनने तोंड उघडलं. एवढ्यात रूने गाऊ लागला.

रूने क्लबाचा अध्यक्ष, ट्रक चालवतो, आवाज भोंग्यासारखा. तो वाढदिवसाचं शंभर वर्षं जगण्याचं गाणं म्हणायला लागला की थांबवता येत नाही, आपल्यालाही म्हणावं लागतं. आम्ही सगळे म्हणालो. मग चारदा हुर्रे झालं. सिक्सतेन मध्ये केक धरून उभा, मान खाली. आम्हाला वाटलं, लाजला. लाजला होताच, त्यात आम्ही चुकलो नाही.

मग भेटी आल्या. कुणाला काही माहीत नसल्यामुळे ज्याच्याजवळ जे होतं ते. यालमारने गाडीतून रानबेरीच्या मुरंब्याची बरणी आणली. रूनेने डोक्यावरची टोपी काढून दिली. मी कॉफीचा मोठा मग दिला, जो क्लबाचाच होता. यालमार सांगायला लागला की याचा जन्म आपल्याला आठवतो, याच्या आईला दवाखान्यात नेताना बर्फाचं असं वादळ होतं की पुढे नांगर लावून ट्रॅक्टर चालवावा लागला. तेव्हा जुलै चालू होता. सगळे जरा वेळ खिडकीतून बाहेरच्या डासांकडे बघत राहिले. हवामान किती बदललंय, असं रूने म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. यालमारला खोटं पाडणं वाईट दिसलं असतं.

सिक्सतेनने खुर्चीवर बसून केक खाल्ला. फूल त्यालाच मिळालं. त्याने ते चावून चावून गिळलं.

"चल," इंगेगर्ड म्हणाली आणि तिने गाडीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "वाढदिवस तुझा, भोकं तू पाडलेली. पहिल्यांदा तूच चालू कर."

तो रूनेची टोपी घालून, मुरंब्याची बरणी घेऊनच गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं, आणि काय सांगू, फार सुरेख लागलं. यालमारने डोळे मिटले. रूनेने न विचारताच केकाचा दुसरा तुकडा घेतला. इंगेगर्डने बॉनेटवर हात ठेवला आणि टर्बोचा दाब शनिवारी ठरल्यापेक्षा थोडा वरच ठेवायचं म्हणते, असं मला म्हणाली. काम एवढं चांगलं झालंय तर भ्यायचं कशाला.

सिक्सतेनने इंजिन बंद केलं.

तो गाडीतून उतरला नाही. स्टिअरिंगला धरून समोर बघत बोलला, त्यामुळे असं वाटलं की तो गाडीलाच सांगतोय.

"माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

यालमार म्हणाला, तरीच.

"तिसऱ्या सिलिंडरची भिंत अडीच मिलिमीटर आहे. कापायच्या आधी मी मोजली नाही. शनिवारी तू ही गाडी पळवू नकोस."

आम्ही "हं" म्हणालो. रीत तशी आहे. एका वाक्याऐवजी तीन झाली होती, पण तेवढं चालतं. रूनेने तर भिंतीवर रिकामा खिळा शोधायला मानही वळवली. इंगेगर्डने मात्र "हं" म्हटलं नाही.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

सिक्सतेनने टोपी काढली.

"तू ट्रेलर घेऊन आलीस त्या दुपारपासून. तू यायच्या आधी तासभर."

आता आमच्याकडे राजा सोडून सगळ्यांना अरे-तुरेच चालतं, त्यामुळे आवाजाला चढायला पायऱ्याच नसतात. इंगेगर्डचा आवाज चढला नाही. ती कॉफीच्या टेबलाशी गेली, उरलेल्या केकातून झेंडा उपसला आणि त्याच्या काडीची मलई कागदाने पुसली.

"मोजलं नाहीस, ते केकात बसतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर पाच बुधवार उभा राहून गायलास, ते केकात बसत नाही."

सिक्सतेनच्या कानांचा रंग असा लाल झाला होता की मी नकळत थर्मासचं झाकण लावलं. तो रडला असता तर बरं झालं असतं, आम्ही सगळे बाहेर गेलो असतो. तो नुसता बसून राहिला, मुरंब्याची बरणी मांडीवर.

मग काही सुचेना तेव्हा माणसं करतात ते आम्ही केलं, म्हणजे पाने घेतले. पाणी काढलं, हेड उतरवलं. यालमारने यंत्र आणलं आणि स्वतः मोजलं. पोराने घाबरून चुकीचं मोजलं असेल, अशी त्याला आशा होती, मला दिसत होती ती. त्याने तिसऱ्या भोकात यंत्र टेकवलं, जरा खाली सरकवलं, आणि पडदा इंगेगर्डकडे वळवला. तिथे अडीचही नव्हते.

त्याच टेबलाशी ठरलं. तिसरं भोक आणखी मोठं कापायचं आणि त्यात पोलादी लायनर बसवायचा, म्हणजे भिंतच नवीन. काम नाजूक, कापताना हात जराही सरकला तर सरळ पाण्यात. शहरात एक माणूस आहे, रूने म्हणाला. इंगेगर्डने नकारार्थी मान हलवली. सिक्सतेनच करेल, म्हणाली. क्षमा वगैरे असेल असं वाटून सिक्सतेनने प्रथमच वर पाहिलं. तसं काही नव्हतं.

"आणि मी तिथे खुर्ची टाकून बसणार आहे."

ती खरोखरच बसली. शर्यतीच्या शनिवारी, लोक धावपट्टीवर असताना, ती डेअरीत खुर्चीवर मोजा विणत बसली होती. सोमवारीही. काही बोलायची नाही, सुया वाजायच्या. मशीनपेक्षा त्या सुयांनी जास्त कापलं, असं सिक्सतेनने नंतर मला सांगितलं, आणि त्याचं हे वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य होतं. कापायच्या आधी तिने त्याच्यासमोर फोन ठेवला. यालमार परत तळ्यावर गेला होता. सिक्सतेनने आकडे दाबले. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, "येतो," आणि फोन बंद झाला. कोण बोलतंय हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

यालमारने दर थराला जाडी मोजली. लायनर आकसावा म्हणून चर्चच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये रात्रभर दालचिनीच्या बन्सशेजारी ठेवला, ब्लॉक गरम केला, आणि लायनर एका दमात खाली जाऊन बसला. गाडी सप्टेंबरात पळाली, टर्बोचा दाब ठरल्याइतकाच ठेवून. इंगेगर्ड तिसरी आली. परतताना ती सिक्सतेनशी हवापाण्याबद्दल बोलली.

ब्लॉक वापरात असल्यामुळे भिंतीवर टांगायला काही उरलं नव्हतं. म्हणून तिथे तो कागदी झेंडा टांगला. नवीन कुणी क्लबात आलं की विचारतं, हा कुणाच्या वाढदिवसाचा. त्याचं उत्तर सिक्सतेननेच द्यायचं असं ठरलंय. तो देतो, प्रत्येक वेळी पूर्ण, पाच बुधवारांसकट, आणि कान प्रत्येक वेळी तसेच होतात.

नोव्हेंबरात एका गुरुवारी तो केक घेऊन आला. झेंडा लावायचं त्याच्याच्याने झालं नाही, आणि फूलही फार मिरवल्यासारखं वाटलं म्हणून त्याने ते काढून टाकलेलं. केक टेबलावर ठेवला. बोलणी थांबली. मी कॉफी ओतायला लागलो. रूने खिळ्यांच्या भिंतीकडे बघून जागा शोधू लागला.

"कुठला सिलिंडर?" इंगेगर्डने विचारलं.

"माझा वाढदिवस आहे."

कुणाचा विश्वास बसला नाही. सिक्सतेन केकामागे उभा, पुन्हा मान खाली, आणि त्याला पुरावा म्हणून दाखवायला काहीच नव्हतं. तेवढ्यात यालमारने खिडकीकडे बोट केलं. बाहेर बर्फाचं असं वादळ होतं की अंगणातल्या गाड्याही दिसत नव्हत्या.

इंगेगर्ड खिडकीशी जाऊन बघून आली. मग तिने सुरी त्याच्या हातात दिली.

"काप," ती म्हणाली. "गाणं जुलैत म्हटलंय आपण."